टिटवीचं नाव

स्मरणशक्ती तपासणाऱ्या हिंदीभाषक डॉक्टरीणबाईंनी पक्ष्याचं चित्र पुढे धरलं, तेव्हा मंदाताईंपेक्षा कृष्णरावांचाच जीव टांगणीला लागला. सकाळी मंदाताई चहाला काय म्हणतात तेच विसरल्या होत्या.

"टिटवी!" मंदाताई म्हणाल्या.

"हमारी टिटहरी! ये नाम क्यों पड़ा, आंटी?"

"टिटिव् टिटिव् ओरडते ना! स्वतःच स्वतःचं नाव सांगत हिंडते बापडी."

डॉक्टरीणबाई हसल्या. कृष्णरावांनी हुश्श केलं.

"और आपके साथ ये कौन आए हैं?"

मंदाताईंनी शेजारी नीट निरखून पाहिलं. "कृष्णराव सबनीस," त्या अदबीनं म्हणाल्या.

"शाबाश! सब सही!"

कृष्णराव मात्र बायकोकडे बघतच राहिले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात, अगदी कालपर्यंत, मंदाताई नवऱ्याचं नाव घ्यायला लाजत होत्या.