मागच्या सीटला रामराम

ओमिओ गावाभोवतीच्या डोंगरात समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतो. तेवढ्यावर आमचं सगळं समाजकारण भागतं.

वसंतातली दुपार होती. वॉटलची झाडं पिवळीधमक फुलली होती. मी आणि माझी बायको नेरिडा गाडीने घरी निघालो होतो. घरी लेक तान्ह्या बाळासोबत एकटी होती.

पहिल्या ट्रकवाल्याने मला बघून बोट उचललं, मग आमच्या मागच्या सीटकडे बघून पुन्हा उचललं. पुढच्यानेही तेच केलं.

"मागे सासूबाईंना बसवून आणलंस की काय, क्लेम?" नेरिडा म्हणाली.

"आई असती तर एवढा वेळ गप्प बसली असती?"

तिसऱ्या गाडीतल्या बाईने मागे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. त्यानंतर आम्ही मागे वळून पाहिलं नाही.

आमच्या फाटकाशी गाडी थांबली. फाटक नेहमी शेजारी बसलेल्याने उघडायचं. नेरिडा पट्टा घट्ट धरून बसून राहिली.

गाडीचं मागचं दार उघडलं आणि हलकेच लागलं.

फाटक उघडलं. आम्ही आत शिरायच्या आधीच ते बंद झालं, कडी लागली.

ओट्यावर लेक उभी होती. कोणाकडे तरी बघून ती हसली आणि तिने बाळ पुढे केलं.