दोन मुलांची आई

चहा पुढ्यात आला की तो निवेपर्यंत हात लावायचा नाही आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे चुकूनही बघायचं नाही, ही कुठली रीत? सिहामचं वागणं मबरूकाला मागच्या वर्षीच पटलं नव्हतं. चार दिवस येऊन बसली, तोंडाने "हो मावशी, हो मावशी" आणि डोळे वहीत.

आज ती लिहिलेलं वाचून दाखवायला ट्युनिसच्या विद्यापीठातून आली होती.

"आमच्यात असंच असतं, मावशी. ज्यांनी सांगितलं त्यांना ऐकवायचं, त्यांनी 'बरोबर' म्हणायचं. मगच लोक विश्वास ठेवतात."

"वाच."

मबरूका समुद्राकडे पाठ करून ताठ बसली. पाच वर्षांपूर्वी इटलीला निघालेली नाव कुठल्याच किनाऱ्याला लागली नव्हती. प्रेतं मिळाली नाहीत, म्हणून सरकारी यादीत तिची मुलं मेलेली नव्हती. जिवंत म्हणावीत तर घरी नव्हती. त्यांचं असणं कुठे लिहिलेलं असेल तर या पोरीच्या कागदावर.

"मुलं आईला न सांगता निघून जातात," सिहाम वाचू लागली. मग मान वर करून म्हणाली, "ज्यांची मुलं नावेतून गेली त्या गावातल्या बाराही आयांनी हे सांगितलं, मावशी. प्रत्येकीला मी वेगवेगळं गाठलं होतं, तरी शब्दन् शब्द जुळला. आमचे सर म्हणाले, याहून पक्कं काय असणार!"

मबरूकाने पदराला लागलेली बदामाची साल झटकली.

"आता तुमचं. नाव बदललंय हं. 'दोन मुलांची आई सांगते...'"

"किती मुलांची?"

"दोन. मुद्दामच केलंय. तीन सख्खे भाऊ एका नावेत गेले, असं या किनाऱ्यावर एकच घर आहे. कुणीही तुम्हाला ओळखलं असतं."

"ओळखू दे की. मी काय तोंड लपवून फिरते?"

"तुमच्याच भल्यासाठी आहे, मावशी."

"लजहर, मुन्सिफ, बिलगासिम." मबरूकाने एकेक बोट दुमडलं. "यातला कुठला काढलास?"

"कुणालाच नाही हो. नुसता आकडा..."

"आकड्यातून उठून गेला तो कोण? लजहरला पोहता येत नव्हतं, म्हणून त्याला काढलास?"

सिहामने कागद उलटसुलट केले. "तीन नाही लिहिता येणार. विद्यापीठाची समिती ऐकायची नाही. मग तुम्हालाच गाळावं लागेल, मावशी. सगळंच जाईल."

मबरूकाने सिहामच्या पुढ्यातला गार झालेला चहा उचलला आणि अंगणात ओतून टाकला.

"तू यायच्या आधी आम्ही बाराही जणी याच अंगणात बसलो होतो. तुला काय सांगायचं ते मीच पढवलं सगळ्यांना. भाजलेलं पीठ तेलात मळून तिघांचे तीन डबे मी या हातांनी भरले, आणि मीच म्हटलं, जा. ते खोटं तू जपून ठेवलंस, पोरी. माझ्या तोंडून एकच खरं निघालं होतं, तेवढं खोडलंस."