मस्टरवरची गोल सही

वीस वर्षं शिकवल्यावर एका सकाळी फळ्यासमोर मला माझाच विषय आठवेना. मुलं बोलायची, मला नुसता कालवा ऐकू यायचा. डॉक्टर म्हणाले, "हा साधा थकवा नाही, बाई. महिनाभर शाळेचं नावही काढू नका."

रजेचा अर्ज घेऊन मी शाळेच्या ऑफिसात गेले. क्लार्कने चष्म्यावरून पाहिलं.

"रजा कसली? आत्ताच तर सही करून वर्गावर गेलात की!"

त्यांनी मस्टर पुढे सरकवलं. आजच्या रकान्यात माझी सही होती. हल्लीचा तो नुसता फराटा नव्हे. नोकरीच्या पहिल्या वर्षी करायचे तशी, एकेक अक्षर गोल. शाई अजून ओली होती.

मी जिना चढले. आठवीच्या वर्गातून माझा आवाज येत होता. तो हसत होता. मी शेवटची कधी हसले होते, देव जाणे.

आत मुलं श्वास रोखून बसली होती, मागच्या बाकावरची दंगेखोर टोळीसुद्धा. फळाभर सूर्यमाला काढलेली. इतकी वर्षं तीच शिकवणाऱ्या मला आज पहिल्यांदा कळलं, आपण केवढ्या मोठ्या अंधारात फिरतो आहोत. अंगावर सर्रकन काटा आला.

फळ्यापाशी पाठमोरी उभी असलेली बाई वळली नाही.

"दारात का उभी? ये, बस," ती म्हणाली. "आज तुला कुणी काही विचारणार नाही."

फळ्यावरची नजर न हलवता पहिल्या बाकावरची मुलगी सरकली आणि तिने मला जागा करून दिली.