लाल दाणे

नीन्केने लांब दांड्याचा मग टाकीत बुडवून वर काढला आणि पाणी काचेच्या बरणीत ओतलं. तळाशी दाणे बसले. शुक्रवारी ते डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल होते. आता कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट. तिने बरणी हलवली, दाणे पुन्हा बसू दिले. रंग काही बदलला नाही.

अडीच वर्षं तिने या दाण्यांतले जिवाणू जिवापाड जपले होते. शहराच्या सांडपाण्यातला अमोनिया काढायचा तर एरवी रात्रंदिवस पाण्यात हवा फुंकत बसावं लागतं आणि विजेचं बिल बघून डोळे पांढरे होतात. हे लाल जीव तेच काम थोडक्या हवेवर, निमूटपणे करत. फक्त वाढायला भयंकर आळशी, आणि हवा जास्त झाली की संपले. नवरा त्यांना 'तुझी पोरं' म्हणायचा आणि ती रागवायची नाही.

शुक्रवारी हे सांडपाणी केंद्र चालवणाऱ्या जलमंडळाच्या माहितीपुस्तिकेसाठी फोटोवाला आला. टाकी संथ पडलेली पाहून त्याने तोंड वाकडं केलं. यात टिपायचं काय, म्हणाला. मग बैठक बसली. नीन्केच्या देशात कपाट हलवायचं झालं तरी बैठक बसते आणि शेवटची मान डोलेपर्यंत उठत नाही. ठरलं असं, की फोटोत पाणी खळखळताना दिसावं म्हणून तासभर हवा पूर्ण जोरात सोडायची, धोक्याची घंटा तेवढ्यापुरती बंद ठेवायची आणि फोटो झाला की 'आपण' सगळं पूर्ववत करायचं. नीन्के आधी नको म्हणाली. सगळे तिच्याकडे बघत राहिले, अगदी सौजन्याने. शेवटी तिनेही मान डोलावली. फोटो छान आले. सगळे पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या, सोमवारपर्यंत जोडून आलेल्या सुट्टीवर गेले, आणि त्यांतला 'आपण' कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हवा सोमवार उलटेपर्यंत चालू राहिली.

"थोडे तरी वाचले असतील ना?" मागून येऊन रुटखरने विचारलं. तो केंद्राचा प्रमुख.

नीन्केने बरणी त्याच्या हातात दिली. त्याने एकदा बघितली आणि घाईने परत केली.

आजच जलमंडळाचे सभासद यायचे होते. अशा टाक्या सगळ्याच केंद्रांवर बांधायच्या की हा नाद सोडून द्यायचा, हे ते आज ठरवणार होते. रुटखरचं म्हणणं, दुपारपुरतं गप्प राहावं. हवा जोरातच ठेवावी, म्हणजे लाल नाहीत तर निदान साधे जिवाणू तरी पाणी साफ करतील. एकदा मंजुरी मिळाली की दुसऱ्या केंद्राकडून लाल जिवाणूंचं बियाणं आणता येईल.

"आणि मी खोटं बोलू?"

"खोटं बोल कोण म्हणतंय? कुणी विचारलं तर सांग," रुटखर म्हणाला. "माझाही जीव अडकलाय यात, नीन्के."

तेही खरं होतं. तिच्यासाठी वर भांडून पैसे आणणारा तोच होता.

सभासद आले. कॉफी झाली, एकेक बिस्किट झालं, बिस्किटांचा डबा बंद झाला. मग हेल्मेट चढवून सगळे टाकीच्या कठड्याशी उभे राहिले. आल्बेर्ट वीर्समा सर्वांत पुढे. गाईगुरांचा मोठा व्याप असलेला माणूस, शेतकऱ्यांच्या जागेवर निवडून आलेला. गेल्या वर्षी हीच टाकी पाहून तो म्हणाला होता, की असलं डबकं माझ्याकडे फुकट आहे.

आज टाकी नुसती उकळत होती. फेस कठड्यापर्यंत येत होता. सभासदांनी फोन काढले. वीर्समाने समाधानाने कठड्यावर थाप मारली.

"आता कसं. काहीतरी चाललंय असं दिसतंय तरी."

कुणी काही विचारलं नाही. रुटखर तिच्याकडे बघतही नव्हता. गप्प बसणं अगदी सोपं होतं. पण ते कौतुक ऐकून नीन्के पुढे सरली.

"हे मेलेत," ती म्हणाली आणि बरणी पुढे केली.

मग तिने सगळं सांगितलं. तुम्ही बघताय ती नुसती हवा आहे, म्हणाली, आणि त्या हवेपायी तिकडे मीटर पळतोय. जुन्या पद्धतीत आणि यात आता काडीचा फरक नाही. ही आमची चूक आहे, मीही हो म्हटलं होतं. बियाणं द्या, वेळ द्या, मी पुन्हा वाढवून दाखवते. बोलताना तिचा आवाज फाटला, त्याची तिला लाज वाटली नाही.

कुणी रागावलं नाही. एका बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतकं सरळ सांगितल्याबद्दल आभार मानले, तेही मनापासून. रुटखरने मोठा श्वास सोडला. नीन्केला वाटलं, तरलो.

वीर्समाने बरणी हातात घेतली. बराच वेळ त्या काळ्या दाण्यांकडे आणि मग खाली फेसाकडे पाहिलं.

"पाणी मात्र साफ होतंय?"

"होतंय. पण वीज..."

"म्हणजे हे मेले, तरी चाललंय." त्याने बरणी तिला सांभाळून परत दिली. "मग जिवंत कशाला हवेत?"

कुणी हसलं नाही. तो खरंच विचारत होता.