कोपऱ्यातलं झुडूप

“मग त्या झुडपाला तुमचंच नाव देते,” बाई म्हणाल्या, आणि म्हाताऱ्याच्या हातातली कोरणी जागीच थांबली.

बाई विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांच्यासमोर टेबलभर छापचित्रं पसरली होती. टेकड्या, ओढे, माळावरचं गवत. म्हाताऱ्यानं तरुणपणी सोडलेला मुलूख. या परक्या देशात बसून, लाकडाच्या ठोकळ्यांवर रेघ रेघ करून कोरलेला. शेजारी त्याला भुंगा म्हणत, दिवसभर लाकूड पोखरतो म्हणून. पण भुंग्याचं पान म्हणजे पान. शिरा मोजून घ्याव्यात. बाई आपल्या विद्यार्थ्यांना खऱ्या रोपाच्या आधी त्याचं चित्र दाखवत.

“प्रत्येक चित्रात उजव्या कोपऱ्यात हे आहे,” त्या म्हणाल्या. “बोटांसारखी पानं, खाली झुकलेली. कुठल्याच ग्रंथात नाही. तुमच्या टेकड्या पालथ्या घातल्या मी, काका. सापडलं नाही. म्हणजे नामशेष झालं, तुमच्या चित्रांत तेवढं उरलं. माझ्या पुस्तकात हेच लिहिणार.”

खिडकीपाशी त्याची बायको ठोकळ्यावर शाईचा रूळ फिरवत होती. छपाईचं खातं तिचं. ती गालातल्या गालात हसली.

“अहो, सांगा की आता त्यांना. किती दिवस लपवणार?”

म्हाताऱ्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. म्हणजे हिला ठाऊक होतं!

“काय लपवलंय?” बाईंनी विचारलं.

“त्यांनाच विचारा. मी आपली शाईवाली.”

या देशात आला तेव्हा त्याला इथली भाषा येत नव्हती, कुणाची ओळख नव्हती. जे काही नाव झालं ते एवढ्याच गोष्टीवर, की भुंगा खोटं पान काढत नाही. खरं सांगावं तर ते नाव जाणार. गप्प बसावं तर बाईंच्या पुस्तकात, आणि तिथून पोरांच्या डोक्यात, एक थाप कायमची जाऊन बसणार.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

“लिहू नका,” तो म्हणाला. “असं झुडूप नाही.”

“आता नाही, पण पूर्वी...”

“कधीच नव्हतं. इथं आल्यावरचं पहिलं चित्र होतं. कोरणी सटकली. लाकडावर ओरखडा गेला की गेला. छापताना तो पांढरा उठतोच. दुसरा ठोकळा आणायची ऐपत नव्हती. म्हणून ओरखड्याची फांदी केली आणि तिला पानं लावली, मनाला आली तशी. पुढच्या चित्रात ते नसतं तर पहिलं उघडं पडलं असतं, म्हणून काढतच गेलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!”

बाई चित्रांकडे बघत राहिल्या. आता बाई बाकीच्या पानांवरही संशय घेणार, असं त्याला वाटलं. पण त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“काका, लोक असल्या गोष्टी मरताना बरोबर घेऊन जातात. तुम्ही आपल्या तोंडानं सांगितलीत. तुमच्या बाकीच्या पानांवर आता मी डोळे मिटून विश्वास ठेवीन.”

त्याचा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं म्हणून तो हसून बायकोकडे वळला.

रुळाचा आवाज केव्हाच थांबला होता. शाईचे हात तसेच धरून ती टेबलाशी येऊन उभी होती. चित्राच्या कोपऱ्याकडे बघत होती.

“ओरखडा?” ती म्हणाली. “आणि मी इतकी वर्षं समजत होते, माझ्या माहेरच्या विहिरीत आतल्या दगडांतून जे उगवायचं, मी पाणी शेंदताना तुम्ही वाकून बघायचात, तेच झुडूप तुम्ही माझ्यासाठी काढता.”