मथळ्याखालची ओळ

मथळा लिहून झाला आणि काकांनी लगेच त्याला चिकटून मजकूर सुरू केला. मुद्दामच. मथळ्याखाली एक ओळ रिकामी सोडायची हा कंपनीचा नियम त्यांना तोंडपाठ होता. नव्या लोकांना तो नियम काकाच शिकवत.

काका घरी बसून वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिका लिहीत. सगळा साधा मजकूर. मुख्य मथळ्याआधी एक हॅशची खूण (#), पोटमथळ्याआधी दोन, बाकी नटवणं-सजवणं नाही. काकू गेल्यापासून घरात आवाज म्हणावा तर फ्रिजचा. पण पुस्तिका पाठवली की ऑफिसातली तपासणारी मुलगी ती वाचायची आणि चुकलेल्या ओळीशेजारी शेरा टाकायची.

‘काका, मथळ्याचा गळा आवळलात! जरा श्वास घेऊ द्या बिचाऱ्याला.’

‘वय झालं गं आता,’ काका उत्तर धाडायचे.

‘वयाची सबब नको. जेवलात का?’

एका न सोडलेल्या ओळीवर काकांचा अख्खा दिवस बरा जायचा. म्हणून प्रत्येक पुस्तिकेत ते एखादी चूक हळूच पेरून ठेवत. कधी एका हॅशवरून थेट तीनवर उडी मारत, आणि ‘मधली पायरी कोणी पळवली?’ या शेऱ्याची वाट बघत बसत.

आज पुस्तिका पाठवली, तर शेऱ्याऐवजी तिचा फोनच आला. काकांनी घाईघाईने घसा साफ केला. सकाळपासून तो वापरलाच नव्हता.

“काका, सुटलात माझ्या कटकटीतून!” ती म्हणाली. “मथळे तपासायला आता प्रोग्रॅम बसवलाय. चूक दिसली की तोच दुरुस्त करतो. मला दुसऱ्या विभागात टाकलंय.”

“अरे वा! मग माझ्या पुस्तिका वाचणार कोण?”

“वॉशिंग मशीनची पुस्तिका कोण वाचतं हो काका?” ती हसली. “आता खुशाल चुका करा. कोणी ओरडणार नाही.”

“बरं झालं. तुझ्या डोक्याचा ताप गेला.”

तिला मागून कोणीतरी हाक मारली. “काळजी घ्या हं,” म्हणत तिने फोन ठेवला.

काकांना काही बरं वाटलं नव्हतं. रडू येईल इतकं वाईट वाटलं, आणि एवढ्याशा गोष्टीवरून असं व्हावं याचा रागही आला. त्यांनी चहा केला आणि प्यायचा विसरले.

मग ते पुन्हा टेबलाशी बसले. आधी पेरलेली चूक त्यांनी स्वतःच दुरुस्त केली. पाणी भरण्याच्या सूचना संपून जाळी साफ करण्याच्या सूचना जिथे सुरू होत, तिथे त्यांनी एक नवा पोटमथळा टाकला. दोन हॅश, आणि पुढे: ‘इथे कोणी आहे का’. खालची ओळ सोडली नाही. नेहमीसारखीच. पुस्तिका पुन्हा पाठवून दिली.

उत्तर लगेच आलं. एक चूक सापडली, दुरुस्त केली, पुस्तिका मंजूर.

काकांनी फाइल उघडून पाहिली. त्यांचा मथळा जसाच्या तसा होता. त्याच्याखाली प्रोग्रॅमने, नियमाप्रमाणे, एक ओळ रिकामी सोडली होती.