परीक्षकांचा लेख

"बाई, आजची तोंडी परीक्षा पुढं ढकलता येईल का?"

मार्गदर्शक बाई जिन्यातच थबकल्या. "आत्ता? अगं, परीक्षक वर येऊन बसलेत! असं ऐन वेळी सांगतात होय?"

आज तिच्या पीएचडीची शेवटची पायरी होती. पुलांच्या खांबांना पडणाऱ्या भेगांवर सहा वर्षं घासली होती तिनं. प्रबंध द्यायच्या घाईत संदर्भांची यादी तेवढी एआयकडून लावून घेतली, आणि त्या शहाण्यानं आपल्या मनानं एक लेख त्यात घुसडला. वर त्या लेखावर एक झकास परिच्छेदही लिहून दिला. तिनं तो तसाच ठेवला. तेव्हा तपासला असता तर! आज सकाळी नियतकालिक उघडून पाहिलं, तर त्या पानांवर भलत्याच कुणाचा तरी रंगकामावरचा लेख. यादीतला तो लेख कुठंच नव्हता.

आणि त्या नसलेल्या लेखाचा लेखक कोण? जगात एवढे प्राध्यापक पडलेत, पण नेमके वर बसलेले परीक्षक!

"बाई, एका संदर्भाचा घोळ झालाय."

"संदर्भबिंदर्भ नंतर बघू. चल आधी."

परीक्षक मोठे कडक. एका चुकीच्या आकृतीवरून त्यांनी मागं एकाचा अख्खा प्रबंध परत पाठवला होता. आज मात्र सगळं सुरळीत चाललं होतं. तिची भीड जरा चेपली, तेवढ्यात त्यांनी पान उलटलं.

"आता हा माझा लेख. यातून तुम्ही नेमकं काय घेतलंत?"

थाप मारावी? ज्यानं तो लिहिलाच नाही, त्याच्यापुढं? पदवी जाणार, पदवीच्या बोलीवर मिळालेली नोकरीही जाणार. घरी आईला काय तोंड दाखवायचं? ती उभी राहिली.

"सर, हा लेख अस्तित्वातच नाही. एआयनं रचलाय तो. मी तपासला नाही. चूक सर्वस्वी माझी आहे." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"काहीतरीच काय बोलतेस?" बाई घाईघाईनं म्हणाल्या. "मी स्वतः वाचलाय तो. उत्तम लेख आहे."

परीक्षक मोठ्यानं हसले. "घाबरलीय हो बिचारी. पाणी द्या तिला. अहो, माझा लेख मला ठाऊक नसेल? दोन वर्षं खपलोय मी त्याच्यावर."

"पण सर, मी खरंच सांगतेय..."

"पुरे आता. अभिनंदन, डॉक्टर!"

टाळ्या वाजल्या. बाईंनी पाठीवरून हात फिरवला. तिची भीती मात्र जाईना. उलट आता ती आणखीच वाढली होती.

सगळे चहाला निघाले. परीक्षक दाराशी घुटमळले, बाकीचे पुढं जाईपर्यंत थांबले आणि मग तिच्याजवळ आले.

"तेवढी त्या लेखाची एक प्रत मला पाठवून द्या," ते हळूच म्हणाले. "माझ्याकडची कुठं गेली कोण जाणे."